मोठ्या माणसांना खेळायला लावणारी एल्सा

मैत्रिणींनो, शेवटचं कधी पळालात, आठवतंय का? एसटी चुकेल म्हणून नव्हे हं! दूध उतू जातंय म्हणूनही नव्हे. उगाचच, खेळ म्हणून, पदर खोचून, धापा टाकत, हसत हसत... मला तर मुळीच आठवत नव्हतं. मंगळागौरीचे खेळ म्हणावेत तर हल्ली तेही स्टेजवर, एकसारख्या नऊवारी नेसून, तयार ग्रुप येऊन खेळतो आणि आपण खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो. हळदीकुंकवाला वाण घ्यायचं, बटाटेवडा खायचा, घरी यायचं. भिशीला गेलं तरी तेच. बसायचं आणि बोलायचं!

तर झालं असं, आमच्या मंडळातल्या एका वहिनींची मुलगी मुंबईला नोकरी करते. तिच्या ऑफिसनं एका रविवारी सगळ्यांना फोर्ट भागात बोलावलं आणि चौघा-चौघांचे गट करून हातात एकेक यादी दिली. दोन तासांत अमुक इमारतीवरचा दगडी सिंह शोधा, तमुक गल्लीतल्या जुन्या दुकानाची पाटी वाचून या, अनोळखी माणसाकडून एक जुनं नाणं मागून आणा, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि पळत परत या. चाळिशीचे साहेब शर्ट घामानं भिजवून धावत होते म्हणे! ती पोर सांगत होती की तीन वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईशी ती त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून बोलली.

या खेळाला स्कॅव्हेंजर हंट म्हणतात. खजिना शोध आपल्याला ठाऊक असतो. त्यात एका चिठ्ठीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत शेवटी एका जागी पोचायचं असतं. इथे तसं नाही. इथे यादी असते. वस्तू कुठूनही आणा, कुणाकडूनही मागा, पण विकत घ्यायची नाही, हा बहुतेक ठिकाणी नियम. म्हणजे पायांना काम आणि तोंडालाही! लाजरंबुजरं माणूस यात टिकत नाही. किंवा टिकायला शिकतं म्हणा.

हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं म्हणून वाचत गेले आणि एल्सा मॅक्सवेल भेटली. आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण एके काळी युरोप-अमेरिकेतली राजेरजवाड्यांपासून सिनेनटींपर्यंतची मंडळी तिच्या आमंत्रणाची वाट बघत असत. आणि ही बाई कशी होती? बुटकी, जाडजूड, रूपानं अगदीच सामान्य, बापाची इस्टेट नाही, नवरा नाही, शाळा अर्धवट सुटलेली. वाचता वाचता मला तर तिचा हेवाच वाटायला लागला.

एल्साचा जन्म २४ मे १८८३ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या किओकक या गावचा. ती स्वतः मोठेपणी रंगवून सांगे की आई ऑपेरा बघायला गेली होती आणि तिथल्या बॉक्समध्येच आपण जन्मलो. खरं-खोटं तिचं तिला माहीत. अशा गोष्टी सांगण्यात तिचा हात कुणी धरला नसता, त्यामुळे तिच्या आत्मचरित्रातलं बरंचसं मीठ-मसाला लावलेलं आहे हे आधीच सांगून ठेवते. ती वाढली मात्र सॅन फ्रान्सिस्कोत. वडील विम्याचं काम करत आणि नाटकांविषयीच्या एका वर्तमानपत्राला बातम्या पाठवत. घरात गाण्या-नाटकाची आवड भरपूर, पैसा बेताचाच.

लहानपणची एक गोष्ट तिला जन्मभर पुरली. ती बारा वर्षांची असताना शेजारच्या एका श्रीमंत घरी मोठी पार्टी होती. सगळीकडे आमंत्रणं गेली, हिच्याकडे आलं नाही. चौकशी केल्यावर कळलं की हे कुटुंब गरीब म्हणून वगळलंय. आपल्यापैकी कितीजणींना असं काही आठवत असेल... लग्नाचं बोलावणं न आलेलं घर, वाढदिवसाला सगळ्या वर्गाला बोलावून एकीलाच वगळलेलं. आपण दोन दिवस रडतो आणि विसरतो. एल्सानं तेव्हाच मनाशी ठरवलं की मोठेपणी आपण अशा पार्ट्या द्यायच्या की त्यांना येण्यासाठी लोकांनी धडपडावं.

आता पार्ट्या द्यायच्या म्हणजे पैसा हवा. तो तर नव्हता. होता एक पियानो. शिकवणी कुणाची नाही, नुसतं कानानं ऐकून ती वाजवायची, आणि इतकं छान की माणसं थांबून ऐकत. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. १९०५ मध्ये शेक्सपिअरची नाटकं करणाऱ्या एका फिरत्या कंपनीबरोबर ती घराबाहेर पडली. पुढे नाटकगृहांत पियानो वाजवायचा, करमणुकीच्या कार्यक्रमांत साथ करायची, गाणी रचायची, असं करत ती इंग्लंड, दक्षिण आफ्रिका हिंडली. त्या काळी बाईमाणसानं एकटीनं असं हिंडणं तिकडेही काही सोपं नव्हतं.

१९१२ मध्ये तिची ओळख झाली डोरोथी फेलोज-गॉर्डन या स्कॉटिश गायिकेशी. सगळे तिला डिकी म्हणत. डिकी दिसायला देखणी, उंच, घराण्याची. एल्सा तिच्या अगदी उलट. पण जोडी जमली ती जमलीच. एल्सा जाईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५१ वर्षं त्या एकमेकींच्या सोबतीनं राहिल्या. दोघींच्या नात्याविषयी पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. तेव्हा अशा गोष्टी उघड बोलत नसत आणि एल्साही बोलली नाही.

पहिलं महायुद्ध १९१८ मध्ये संपलं. एल्सा पॅरिसला आली. युद्धाने थकलेली, माणसं गमावलेली ती शहरं आता हसायला आसुसली होती. बड्या लोकांकडे पैसा होता, वेळ होता आणि प्रचंड कंटाळा होता. एल्सानं हा कंटाळा बरोबर ओळखला! तिच्या ध्यानात आलं की श्रीमंतांच्या घरी जेवण उत्तम असतं, कपडे उत्तम असतात, पण माणसं जागच्या जागी बसून असतात. उमरावाशेजारी उमराव, त्याच्या शेजारी तिसरा उमराव. एल्सा काय करायची, तर उमरावाशेजारी गायिकेला बसवायची, तिच्याशेजारी चित्रकाराला. आणि जेवण संपायच्या आत सगळ्यांना खुर्चीतून उठवायची. कुणाला सोंग घ्यायला लाव, कुणाला गाणं म्हणायला लाव, कुणाला खोट्या खुनाचा तपास करायला लाव. वेषांतराच्या पार्ट्यांत ती स्वतः सगळ्यात गमतीदार सोंग घ्यायची. आपल्या जाडेपणावर लोक हसायच्या आधी आपणच हसून घ्यायचं, ही तिची युक्ती. (ही युक्ती आपल्यातल्या पुष्कळजणींना चांगली अवगत आहे. त्यामागे काय असतं तेही.)

पैसा कोण द्यायचं? इथेच या बाईची हुशारी. हॉटेलवाल्यांना आणि हौशी श्रीमंतांना ती सांगे की खर्च तुमचा, माणसं माझी. मोठी माणसं आली की त्यांच्यामागे गिऱ्हाईक येतं, वर्तमानपत्रात नाव येतं. व्हेनिसजवळच्या लिडो या समुद्रकिनाऱ्याला श्रीमंतांचं ठिकाण म्हणून नाव मिळवून द्यायला १९२० च्या दशकात तिला बोलावलं, मग मॉन्टे कार्लोनंही बोलावलं. समुद्र तिथे आधीही होताच, लोकांना तिथे यायला लावलं एल्सानं. हल्ली आपण ज्याला इव्हेंट मॅनेजमेंट म्हणतो आणि ज्याचे कॉलेजात कोर्स निघालेत, ते काम ही शाळा सोडलेली बाई शंभर वर्षांपूर्वी करत होती.

आणि मग १९२७ मध्ये पॅरिसला तो गाजलेला खेळ झाला. पाहुण्यांना गटागटानं वाटून यादी दिली आणि रात्रीच्या पॅरिसमध्ये सोडलं. यादीत काय काय होतं म्हणता? मिस्टँगेट नावाची त्या वेळची प्रसिद्ध गायिका-नर्तकी होती, तिच्या पायातला जोडा. बुआ द बुलोन्य या मोठ्या बागेतल्या तळ्यातला काळा हंस. फ्रेंच खलाशाच्या टोपीवरचा लाल गोंडा. असं आणखी बरंच. आता कल्पना करा, भरजरी पोशाखातल्या बायका आणि काळे कोट घातलेले सभ्य गृहस्थ तळ्यात हंसामागे धावताहेत, खलाशांच्या टोप्यांना हात घालताहेत, रंगमंचामागे घुसताहेत! शहरभर गोंधळ उडाला. ज्यांना तो निस्तरावा लागला त्यांना काय वाटलं असेल ते असो, पाहुणे मात्र बेहद्द खूश झाले. कित्येक वर्षांत ते असे पळाले नव्हते.

हा खेळ आपणच काढला असं श्रेय एल्साला दिलं जातं आणि ते घ्यायला तिचीही ना नव्हती. मला ते पुरतं पटत नाही. लंडनच्या तरुण श्रीमंत मुलामुलींनी १९२४ च्या सुमाराला मोटारी घेऊन रात्री-अपरात्री खजिना शोधायचं वेड घेतलंच होतं. आणि वस्तू शोधून आणायचे खेळ जगात कुठे नाहीत? पण मोठ्या माणसांनी, घरंदाज माणसांनी, लाज सोडून शहरात हा खेळ खेळावा, हे तिनं रुळवलं, एवढं नक्की. अमेरिकेत तर १९३० च्या दशकात या खेळाची लाटच आली.

आता खरी गोष्ट इथून पुढे. ही लाट आली तेव्हा अमेरिकेत काय चाललं होतं? १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. लाखो माणसांची कामं गेली. न्यूयॉर्कमध्येच लोक पत्र्या-खोक्यांच्या झोपड्यांत राहत होते, फुकटच्या सूपसाठी रांगा लावत होते. आणि त्याच न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली उघडलेल्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया या भव्य हॉटेलात एल्सा राहायला आली. तेही बिनभाड्यानं! हॉटेलच्या लोकांनी हिशेब केला होता. ही असली की माणसं येतील. तिथल्या आलिशान दालनात तिनं एकदा खेडेगावच्या गोठ्याची पार्टी केली. खऱ्या गायी, कोंबड्या, डुकरं आणली, झाडांना सफरचंदं लावली आणि लक्षाधीशांना शेतकऱ्यांचे कपडे घालून बोलावलं. बाहेर खऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी लिलावात जात होत्या.

मी हे वाचलं तेव्हा जरा थांबलेच. इतका वेळ एल्सा मला आपली वाटत होती.

आणि त्या खेळाचं नाव बघा. स्कॅव्हेंजर म्हणजे कचऱ्यातून टाकलेलं वेचणारा. आपल्याकडे तर या इंग्रजी शब्दाचा वास आणखी वेगळा आहे. डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या कामाला सरकारी कागदात मॅन्युअल स्कॅव्हेंजिंग म्हणतात. त्यावर बंदी आणणारा कायदा आपल्याकडे १९९३ मध्ये झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये पुन्हा झाला, आणि त्यानंतरही गटारात उतरलेल्या माणसांच्या मरणाच्या बातम्या येतच आहेत. ज्या शब्दात एखाद्याचं अख्खं आयुष्य चिरडलं जातं, तोच शब्द दुसऱ्यानं रविवारच्या खेळाला द्यावा! नावं ठेवणाऱ्यांच्या हे मनातही आलं नसेल. तरीही मी आमच्या मंडळात हे नाव घेतलं नाही. आम्ही नुसतं शोधाशोध म्हटलं.

ही विसंगती त्या काळीही काहींना खुपली होती. १९३६ मध्ये माय मॅन गॉडफ्री नावाचा एक सिनेमा आला. सहा ऑस्करसाठी त्याची नावं गेली होती. त्यात न्यूयॉर्कच्या श्रीमंत लोकांचा असाच खेळ चालू असतो आणि यादीत एक वस्तू असते, जगानं विसरलेला माणूस! दोन बहिणी तो शोधायला नदीकाठच्या उकिरड्यावर जातात, तिथे राहणाऱ्या गॉडफ्रीला पाच डॉलर देऊ करून चल म्हणतात. एकीला तो ढकलून देतो. दुसरीबरोबर जातो, कारण ती निदान माणूस म्हणून त्याच्याशी बोलते. हॉटेलात भरलेल्या त्या लोकांना तो चार खरमरीत शब्द सुनावतो आणि मग तिच्याच घरी बटलर म्हणून नोकरीला राहतो. पुढे विनोदी सिनेमा आहे, गोड शेवट आहे. हा सिनेमा एल्सावरून काढला असं मी म्हणत नाही. पण खेळाची हवा तिनं तयार केलेली आणि सिनेमा त्याच हवेतला. तो बघताना मी हसले खरी, पण उकिरड्यावरच्या त्या प्रसंगाला हसू आलं नाही.

त्याचं कारण आमच्या वाढवणच्या किनाऱ्यावर घडलं होतं.

वाढवण माझं माहेर. डहाणू तालुक्यातलं, वरोर-चिंचणीच्या शेजारचं. घराघरात डायमेकिंग, म्हणजे सोन्याच्या दागिन्यांचे ठसे कोरायचं काम, आणि बाकी मासेमारी, वाडी, शेती. शंखोदराजवळचा किनारा सगळा खडकाळ. ओहोटीला पाणी लांबवर आत जातं आणि मैलभर काळे खडक उघडे पडतात. मंडळातल्या बायकांना डहाणूहून तिथे न्यायचं मीच सुचवलं. अमावास्येच्या जवळचा दिवस धरला, म्हणजे ओहोटी मोठी. यादी केली. डायमेकरच्या कोनाड्यातला बाद झालेला एक ठसा, चिकूच्या तीन बिया, तीन वेगळ्या रंगांचे शंख, भोक पडलेला दगड, ऐंशी वर्षांच्या पुढच्या बाईचं माहेरचं नाव, भिंतीवरच्या वारली चित्रातल्या तारपावाल्याचा फोटो... आणि शेवटी दहा कालवं. विकत घ्यायची नाहीत.

काय सांगू तुम्हाला! पंचावन्न वर्षांच्या काकू चपला हातात घेऊन धावत होत्या. बँकेतून रिटायर झालेल्या एक बाई, ज्या एरवी मंडळात हिशेबापलीकडे चकार शब्द काढत नाहीत, त्या एका अनोळखी ओटीवर बसून त्या घरच्या आजींशी माहेरच्या गप्पा मारत होत्या. यादीच विसरल्या! गुडघेदुखीवाल्या दोघींनी चक्क रिक्षा केली. ते नियमात नव्हतं, पण विरोधातही नव्हतं.

कालवांशी मात्र सगळ्या अडल्या. कालवं खडकाला चिकटलेली, ती काढायला छोटं लोखंडी हत्यार लागतं, हात लागतो, सवय लागते. खडकांवर एक मावशी वाकून हेच काम करत होत्या. टोपली अर्धी भरलेली. आमच्यातल्या दोघी-तिघींनी हसत हसत त्यांच्याकडे दहा कालवं मागितली. खेळ आहे, बक्षीस आहे, असं सांगितलं. मावशींनी मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि सरळ नाही म्हटलं. हवीत तर वाका आणि काढा, मला भरतीच्या आत टोपली भरायचीय, एवढ्याच अर्थाचं काहीतरी बोलल्या आणि परत वाकल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच वेळ नव्हता. आम्ही सगळ्या आपापल्या पिशव्या, शंख आणि मोबाइल घेऊन तिथे उभ्या. एकीनं पर्स उघडली, तशी दुसरीनं तिचा हात धरला, कारण विकत घ्यायचं नव्हतं. नियम मीच केला होता ना! शेवटी कुणालाच कालवं मिळाली नाहीत आणि तो गुण कुणालाच गेला नाही. घरी येताना टेम्पोत भोंडल्याची गाणी झाली, मजा झाली, सगळं झालं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती टोपली होती. त्या किनाऱ्यावर मोठं बंदर होणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या वर आहे. तिथल्या मच्छीमारांचा त्याला कित्येक वर्षांपासूनचा विरोध आहे. माझ्या माहेरच्या घरातच दोन मतं आहेत, म्हणून जास्त बोलत नाही. पण यादीत दहा कालवं हे शब्द लिहिताना मी एवढं काही डोक्यात आणलं नव्हतं.

असो. एल्साकडे परत येऊ.

एल्साला अशा गोष्टींचं काही वाटत होतं का? तिच्या पार्ट्यांतून काही वेळा चांगल्या कामाला पैसे उभे राहिले हे खरं. पण गरिबीतून आलेली ही बाई गरिबांच्या बाजूला कधी फारशी वळली नाही. जिथून बारा वर्षांची असताना हाकललं गेलं होतं, त्याच दाराच्या आत राहायचं, शक्य तितक्या आत, हेच तिचं आयुष्य झालं. ज्या बाईला लहानपणी आमंत्रण नव्हतं, तिच्या हातात आता आमंत्रणांची यादी होती, आणि ती यादी ती हत्यारासारखीही वापरायची. विंडसरच्या डचेसशी, म्हणजे जिच्यासाठी इंग्लंडच्या राजानं गादी सोडली त्या वॉलिसशी, तिची आधी मैत्री आणि मग जाहीर भांडण झालं. दोघींच्या रुसव्या-फुगव्यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले.

हॉलिवूडनंही तिला बोलावलं. १९३९ मध्ये आलेल्या हॉटेल फॉर विमेन या सिनेमात ती स्वतःच्याच रूपात दिसली. १९४२ मध्ये रेडिओवर तिचा कार्यक्रम सुरू झाला. वर्तमानपत्रांत बड्या लोकांच्या बातम्यांचं तिचं सदर चालायचं. लोकांच्या गाठी घालून देण्याचीही तिला भारी हौस! नटी रिटा हेवर्थ आणि आगाखानांचे चिरंजीव अली खान यांची ओळख १९४८ मध्ये तिनंच करून दिली आणि १९४९ मध्ये त्यांचं लग्न झालं. (हे आगाखान म्हणजे पुण्यातल्या पॅलेसचं नाव ज्यांच्यावरून आहे तेच, जिथे १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या.) ते लग्न फार टिकलं नाही. १९५७ मध्ये व्हेनिसला एल्सानं ऑपेरा गायिका मारिया कॅलाससाठी पार्टी दिली, तिथे मारियाला जहाजमालक ओनासिस भेटला. त्यातून मारियाचा संसार मोडला आणि पुढे ओनासिसनंही लग्न केलं ते जॅकलीन केनेडीशी, १९६८ मध्ये. ते बघायला एल्सा नव्हती. गाठी घालणाऱ्याला गाठी सुटतात तेव्हा कुणी विचारत नाही म्हणा.

१९५५ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, तिनं शंभरावर पाहुण्यांना घेऊन ग्रीक बेटांची बोटीनं सफर काढली. बोट दुसऱ्याची, खर्च दुसऱ्याचा, पाहुणे तिचे! तिची पद्धत शेवटपर्यंत बदलली नाही. १९५४ मध्ये तिचं आत्मचरित्र आलं आणि १९५७ मध्ये पार्ट्या कशा कराव्यात यावरचं पुस्तक. त्या दुसऱ्या पुस्तकाचा रोख असा की पार्टीला पैशांपेक्षा कल्पना लागते. आपल्यासारख्या मध्यमवर्गी बायकांना हे वाचून बरं वाटतं, फक्त हे लिहिणारी बाई वॉल्डॉर्फमध्ये फुकट राहिलेली होती हे लक्षात ठेवायचं!

तरीही एका गोष्टीसाठी मी एल्साला मानते. मोठं झाल्यावर खेळ संपतो, असं जे आपण धरून चालतो, ते तिनं कधी मानलं नाही. आपल्याकडे मुलगी न्हाती-धुती झाली की तिचं अंगण बंद होतं आणि लग्न झालं की उरलंसुरलं पळणंही बंद. पुरुष निदान नाक्यावर कॅरम खेळतात, मैदानात क्रिकेट खेळतात. बायकांना खेळायचं तर त्याला देवाचं निमित्त लागतं, मंगळागौर हवी, हादगा हवा. त्या मानानं आमच्याकडच्या वारली पाड्यांवरच्या बायका नशीबवान म्हणायच्या. तारपा वाजायला लागला की सासू, सून, नात, सगळ्या एकमेकींच्या कमरेत हात घालून त्याच गोलात नाचतात. वय कुणी विचारत नाही. पॅरिसच्या उमरावांना जे शिकवायला एल्सा लागली, ते तलासरीच्या पाड्यावर कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

तिचा तो खेळ आता कुठल्या कुठे पोचलाय. शिकागो विद्यापीठात १९८७ पासून दर वर्षी अशी मोठी शोधाशोध होते आणि विद्यार्थी त्यासाठी दिवस-रात्र जागतात. मे २००० मध्ये अमेरिकेनं उपग्रहावरून जागा दाखवणारी यंत्रणा सामान्य लोकांसाठी अचूक केली, आणि लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑरेगनमधल्या एका माणसानं जंगलात बादली लपवून तिचा पत्ता जगाला कळवला. त्यातून जिओकॅशिंग हा नवा खेळ निघाला. मोठ्या शहरांत आता कंपन्या पैसे घेऊन असे खेळ आखून देतात. आमच्या वहिनींच्या मुलीच्या ऑफिसनं तेच केलं होतं.

एल्सा १ नोव्हेंबर १९६३ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेली. ऐंशी वर्षांची होती. इतक्या पार्ट्या दिल्या, इतक्या राजवाड्यांत जेवली, पण मागे संपत्ती म्हणावी असं फारसं काही नव्हतं. जे होतं ते डिकीला गेलं. डिकी त्यानंतर आणखी २८ वर्षं जगली आणि १९९१ मध्ये गेली.

आमच्या मंडळाची पुढची शोधाशोध माघातल्या ओहोटीला ठरली आहे. यादी या वेळी मी एकटीनं करायची नाही असं ठरलंय. वाढवणच्याच चार बायका येऊन बसणार आहेत. त्यातल्या एकीनं आधीच निरोप पाठवलाय की कालवं यादीत ठेवा, पण प्रत्येकीनं स्वतः काढायची, हत्यार ती देईल, आणि कुणाचं बोट कापलं तर हळद आपली आपण आणायची.